कपाटातल्या कॅसेटी आणि फाइलचे वजन

वऱ्हाडात आपल्या माणसाच्या घरी लोखंडी कपाट उघडले की वरच्या कप्प्यात, पांढऱ्या साड्यांच्या घडीमागे, एक-दोन काळ्या व्हिडिओ कॅसेटी हमखास सापडतात. कुणाच्या पाठीवर बॉलपेनने 'मंगल परिणय' आणि तारीख लिहिलेली असते, कुणावर 'जयंती १९९१', तर कुणावर नुसतेच 'भन्तेजी'. १९९१ हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या साऱ्या काळात अमरावतीचा इर्विन चौक असो, अकोल्याची अशोक वाटिका असो की एखाद्या खेड्यातले भीमनगर असो, कार्यक्रमाला व्हिडिओ शूटिंगवाला आणणे ही मोठी हौसेची आणि तितकीच खर्चाची गोष्ट होती. वस्तीने वर्गणी करून ते पैसे भरले. त्या पैशांतून जे टिपले गेले ते आज या कॅसेटींत आहे.

आणि त्या कॅसेटी आता मरणपंथाला लागल्या आहेत. चित्र धरून ठेवणारा चुंबकीय थर हळूहळू कमजोर होतो. पावसाळ्याच्या ओलीत फितीवर बुरशी धरते आणि आपल्याकडचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा पत्र्याच्या छताखाली उरलेसुरले काम करतो. कॅसेट चांगली निघाली तरी ती लावायची कशावर, हा पुढचा प्रश्न. व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची मोठी कंपनी फुनाई हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केले. म्हणजे आज जी यंत्रे चालू आहेत तेवढीच; त्यांचे हेड झिजले की संपले. म्हणून अनेक कुटुंबे आता जागी झाली आहेत आणि कॅसेटी उतरवून घेण्यासाठी अमरावती-अकोल्याच्या दुकानांत नेत आहेत. ही समाधानाची बाब आहे. परंतु तेथे काउंटरवर एक प्रश्न विचारला जातो आणि आपले लोक तेथेच गोंधळतात. 'कोणत्या फॉरमॅटमध्ये पाहिजे?'

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपण दुकानदारावर सोपवू नये असे आम्हांस वाटते. का, ते सांगतो.

अकोल्यातील एका कुटुंबाजवळ लग्नाची तीन तासांची कॅसेट होती. त्या लग्नात नवरदेवाची आजी माइकसमोर उभी राहून पाच-सहा मिनिटे बोलली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेऊन ती परत आली, घरातले देव कसे काढले, मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने पुन्हा सांगितले तेव्हा सासऱ्याने काय उत्तर दिले, हे सारे त्या पाच-सहा मिनिटांत होते. आजी आता नाही. तिचे दुसरे चलत्चित्र नाही. दुकानदाराने ती कॅसेट उतरवून सातशे एमबीची एक फाइल पेनड्राइव्हवर दिली. घरच्यांनी फाइल चालते एवढे पाहिले आणि 'आता ही अडगळ कायले' म्हणून कॅसेट रद्दीवाल्याला देऊन टाकली. पुढे आजीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ती फाइल मोठ्या टीव्हीवर लावली, तेव्हा चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठोकळे हलताना दिसले आणि आवाज डब्यातून आल्यासारखा. आजीची लेक म्हणाली, "माह्या मायचे डोये दिसत नाई बावा याच्यात." आता काहीही केले तरी ते डोळे परत येणार नाहीत. फाइल लहान करताना जे टाकून दिले जाते ते कायमचे जाते.

सातशे एमबीचा हा आकडा कुठून आला? एका जुन्या सीडीत साधारण तेवढे मावते. सीडीचा जमाना गेला, तरी दुकानदाराच्या यंत्रात तो आकडा जसाच्या तसा बसलेला राहिला. ज्याची कॅसेट त्याने विचारले नाही आणि दुकानदाराला गरज नव्हती.

मुळात चित्र किती जड असते?

हे गणित एकदा समजून घेतले की बाकीचे सोपे आहे. आपल्याकडच्या कॅसेटवरचे चित्र संगणकात उतरवताना त्याच्या आडव्या रांगेत ७२० आणि उभ्या रांगेत ५७६ असे ठिपके धरतात. म्हणजे एका चित्रात चार लाखांहून अधिक ठिपके. अशी चित्रे एका सेकंदाला पंचवीस. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला वीस एमबीहून जास्त आणि तासाला सुमारे पाऊणशे जीबी. तीन तासांची लग्नाची कॅसेट जशीच्या तशी ठेवायची म्हटली तर सव्वादोनशे जीबी लागतील. एका मोबाइलची सगळी जागा एका लग्नाने भरली!

म्हणून दाबणे आले. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. ते दोन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा अशी की, एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदलले तेवढेच लिहायचे. मंगल परिणयाचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मागे बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पांढऱ्या वस्त्रांतले वधू-वर हात जोडून उभे, बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील सांगत आहेत. पंचवीस चित्रांत ओठांखेरीज फारसे काही हलत नाही. अशा ठिकाणी थोड्या जागेत उत्तम चित्र मावते. आता त्याच कॅसेटमधली जयंतीची मिरवणूक घ्या. लेझीम, नाचणारी पोरे, उडणारा निळा गुलाल, फडकणारे शेकडो झेंडे आणि वर गर्दीत धक्के खाणारा कॅमेरा. इथे प्रत्येक चित्र नवे. तेवढीच जागा दिली तर यंत्राला सारे लिहिणे जमत नाही आणि ते ठोकळे मारून मोकळे होते. एकाच आकड्याने सगळी कॅसेट दाबली की वंदना स्वच्छ दिसते आणि मिरवणूक विरघळते, त्याचे कारण हे.

दुसरी तऱ्हा एका चित्राच्या आतली आहे. चित्राचे छोटे छोटे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला ठळक दिसणारे बदल राखून बारीकसारीक टाकायचे. यामागचे गणित एका भारतीय माणसाने दिले आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. नासिर अहमद हे १९४० साली बंगळुरात जन्मले, पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी १९७२ मध्ये सरकारी विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले, ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी आहे असे परीक्षकांना वाटले! त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा लेख जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आज मोबाइलमधला फोटो, सीडी, डीव्हीडी, डिश टीव्ही, व्हॉट्सअ‍ॅपची क्लिप या साऱ्यांच्या पोटात त्याच गणिताची मूळ किंवा सुधारलेली रूपे आहेत. मोठ्यांनी ज्याला साधे म्हणून बाजूला सारले त्यावर जग चालते, याचे आपल्या वाचकांना नवल वाटू नये.

या तऱ्हेत रंगांचीही काटछाट होते. माणसाचा डोळा उजेड-अंधार बारकाईने ओळखतो, रंगाची कड तितकी नाही. म्हणून रंगाची माहिती चौथाईवर आणतात. एरवी कळत नाही. पण पंचरंगी धम्मध्वज दुरून घेतलेला असेल तर त्याचे पट्टे एकमेकांत मिसळतात ते यामुळेच. कॅसेटने आधीच रंग फिसकटलेला असतो, त्यावर ही आणखी भर.

सीडी, डीव्हीडी आणि 'एमपीफोर'

आपल्या घरांत ही प्रकरणे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने पाहू. व्हिडिओ सीडीचे मानक १९९३ चे. तिच्यात एमपेग-१ नावाची पद्धत वापरतात आणि चित्राचे ठिपके ३५२ गुणिले २८८, म्हणजे कॅसेटवरून उतरवलेल्या चित्राच्या चौथाई. एका सीडीत सुमारे ७४ मिनिटे. भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या मुकाबल्यांच्या कितीतरी सीड्या आपण पाहिल्या, मनसोक्त ऐकल्या, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्यांनी त्या काळी कॅसेटीची सीडी करून मूळ कॅसेट टाकली, त्यांच्याकडे आता चौथाई चित्र उरले आहे.

डीव्हीडी १९९६ पासून. तिच्यात एमपेग-२, पूर्ण ७२० गुणिले ५७६ ठिपके आणि ४.७ जीबी जागा. एका तबकडीत एक ते दोन तास ठेवले तर कॅसेटीचे चित्र चांगले उतरते. ज्यांच्याकडे २००० नंतरच्या काळात अशा डीव्हीडी केलेल्या आहेत त्यांनी त्या जपाव्यात, आणि तबकडीवर चरे पडण्यापूर्वी त्यातल्या फाइली आहेत तशा हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. पुन्हा दाबू नयेत.

आता 'एमपीफोर'. दुकानदार म्हणतो, एमपीफोर करून देतो, आणि आपण समाधानाने मान हलवतो. पण एमपीफोर हा नुसता डबा आहे. एमकेव्ही, एव्हीआय हेही डबेच. डब्यात भाजी कोणती ते डब्याच्या नावावरून कळत नाही. भाजी म्हणजे दाबण्याची पद्धत, तिला कोडेक म्हणतात. एमपीफोरच्या डब्यात बहुधा एच.२६४ असते, ते २००३ मध्ये मंजूर झाले. २०१३ मध्ये एच.२६५ आले, त्यालाच एचईव्हीसी म्हणतात. २०१८ मध्ये एव्ही-१ आले. ते परवाना-शुल्काशिवाय सर्वांना वापरता यावे म्हणून अनेक कंपन्यांनी मिळून तयार केले. प्रत्येक नवी पद्धत जुनीपेक्षा कमी जागेत तेवढेच चित्र बसवते. मग सगळ्यात नवी तीच घ्यावी काय?

आमचे मत नाही असे आहे. एच.२६५ ची बचत मोठ्या चित्रात दिसते. आजच्या मोबाइलवर काढलेल्या फोरके चित्रात फाइल जवळपास निम्मी होऊ शकते. कॅसेटीच्या छोट्या, खरखरीत चित्रात फायदा पुष्कळ कमी. उलट विहारात लावलेला सात-आठ वर्षांपूर्वीचा टीव्ही एच.२६५ ची फाइल पेनड्राइव्हवरून घेईलच याची खात्री नाही. एव्ही-१ तर बहुधा घेणार नाही, आणि साध्या संगणकावर ती फाइल तयार करायला रात्र जाते. एमपीफोरच्या डब्यातले एच.२६४ मात्र मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स जवळजवळ सगळीकडे चालते. खेड्यातल्या काकूंनी पेनड्राइव्ह खोचला आणि चित्र लागले, ही सोय दोन-चारशे एमबी वाचवण्यापेक्षा मोठी आहे. मोबाइलवर आज नवे शूटिंग करणाऱ्यांनी एच.२६५ खुशाल वापरावे. जुन्या कॅसेटीला त्याची गरज नाही.

दोन प्रती, दोन कामे

लोक एकाच फाइलीकडून सारे मागतात, चूक तेथे होते. ती लहानही हवी, चांगलीही हवी, शंभर वर्षे टिकायलाही हवी. आम्ही म्हणतो दोन प्रती करा. एक ठेवणीची आणि एक वापराची.

ठेवणीची प्रत दाबूच नये, किंवा काही न टाकता दाबावी. काही न टाकता दाबण्याची एफएफव्ही-१ नावाची मोफत पद्धत आहे. जगातील अनेक अभिलेखागारे ती वापरतात आणि २०२१ मध्ये तिचे तपशील रीतसर मानक म्हणून प्रसिद्ध झाले आहेत. धान्य पोत्यात ठासून भरावे तसे हे आहे, एकही दाणा सांडत नाही. तासाला साधारण तीस-पस्तीस जीबी लागतात. पाऊणशेचे निम्म्याहून कमी झाले, तरीही जडच. ज्या दुकानात हे जमत नसेल तेथे डीव्ही पद्धतीत, तासाला सुमारे तेरा जीबी, मागावे. तेही नसेल तर एच.२६४ मध्ये सेकंदाला आठ मेगाबिटच्या खाली जाऊ देऊ नये; तासाला साडेतीन-पावणेचार जीबी होतात. अकोल्याच्या एका दुकानदाराने आमच्यासमोर गिऱ्हाइकाला विचारले, "एवळी मोठी फाइल कायले पायजे तुमाले?" त्याचे उत्तर सरळ आहे. मोठ्यातून लहान केव्हाही करता येते, लहानातून मोठे करता येत नाही.

वापराची प्रत म्हणजे घरी पाहायची, विहारात दाखवायची, नातेवाइकांना द्यायची. हिच्यासाठी एच.२६४ मध्ये सेकंदाला दोन ते चार मेगाबिट पुरतात. तासाला नऊशे एमबी ते एक पूर्णांक आठ जीबी. ठरावीक आकडा बांधून देण्यापेक्षा दर्जा बांधून द्यावा हे आणखी चांगले. हँडब्रेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आरएफ म्हणून एक आकडा निवडायचा असतो. आकडा लहान तितके चित्र चांगले आणि फाइल जड. कॅसेटीच्या चित्राला १८ ते २२ च्या दरम्यानचा आकडा ठीक पडतो. असे केले की यंत्र वंदनेला थोडी जागा आणि मिरवणुकीला जास्त जागा आपणहून देते. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना हे एका दुपारी शिकता येईल. दरवेळी दुकानात पैसे देण्याचे कारण नाही.

पेनड्राइव्हच्या बाबतीत एक अडचण वारंवार ऐकू येते. 'जागा आहे, पण फाइल जात नाही.' पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीत असतात आणि तिच्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही. त्यासाठी फाइल दाबून चित्र बिघडवू नये. तीन तासांचे तीन भाग करावेत: वरात, विधी, स्वागत. पाहणाऱ्यालाही तेच सोयीचे.

आवाजाची कंजुषी करू नका

हा मुद्दा तंत्रवाले विसरतात आणि आमच्या दृष्टीने तोच पहिला आहे. आपल्या कॅसेटींत भाषणे आहेत, गाणी आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या हकिगती आहेत. चित्र थोडे धूसर असले तर चालून जाईल, शब्द ऐकू आला नाही तर काय उरले? आणि आवाजाला जागा लागते तरी किती? सेकंदाला १९२ किलोबिटने तासाला शंभर एमबीच्या आत. चित्राच्या मानाने चिल्लर. तरी काही दुकानांत आवाज ६४ वर, तोही एकाच बाजूचा, असा दाबून देतात. १९२ सांगावे, आणि ठेवणीच्या प्रतीत आवाज मुळीच दाबू नये म्हणून सांगावे.

काही लग्नाच्या कॅसेटींत शूटिंगवाल्याने त्रिशरण चालू असतानाच त्यावर सिनेमाचे गाणे चढवलेले असते. त्याला आता इलाज नाही. मात्र आज उतरवताना कुणी 'छान म्युझिक टाकून देतो' म्हणाले तर स्पष्ट नाही म्हणावे.

दुकानात आणखी दोन-तीन गोष्टी आपल्याला न विचारता होतात. कॅसेटीचे चित्र चारास तीन या आकाराचे, आजचा टीव्ही रुंद. रिकामी बाजू दिसू नये म्हणून चित्र ताणतात आणि वस्तीतले सारे लोक बुटके नि जाडे होतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर राहू द्यावेत. दुसरी गोष्ट, कॅसेटीतले प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत नोंदलेले असते, एकाआड एक ओळी. संगणकावर ते तसेच दिसले की नाचणाऱ्याच्या हाताला कंगव्यासारखे दात फुटतात. वापराच्या प्रतीत या ओळी नीट जुळवून घ्याव्यात, त्याला डीइंटरलेस म्हणतात. ठेवणीच्या प्रतीत मुळाप्रमाणे राहू द्याव्यात, कारण जुळवण्याच्या पद्धती पुढे आणखी सुधारतील. तिसरी गोष्ट 'फोरके करून देतो' ही. कॅसेटीत आडव्या तपशिलाच्या जेमतेम अडीचशे रेषा असतात. त्याचे फोरके केल्याने फाइलचे वजन आणि बिल वाढते, तपशील वाढत नाही. नवी यंत्रे तर नसलेला चेहरा आपल्या मनाने रंगवून देतात. घरच्या भिंतीवर हौसेने लावायला ठीक असेल. पण ती आजी असणार नाही.

जुन्या फितीतली मुंग्यांसारखी खरखर हाही एक छुपा खर्च आहे. दाबणाऱ्या यंत्राला ती हालचालच वाटते आणि अर्धी जागा ते मुंग्या लिहिण्यात घालवते. वापराच्या प्रतीत ती हलक्या हाताने कमी केली की त्याच जागेत चेहरे उजळतात. हात जड पडला तर चेहरे मेणाचे होतात. म्हणून तीस-तीस सेकंदांचे तीन तुकडे आधी करून पाहावेत: एक रात्रीच्या मिरवणुकीचा, एक मंडपातल्या सावलीचा, एक पांढऱ्या साड्यांतल्या उपासिकांचा. मोबाइलवर पाहून निर्णय करू नये, तेथे सारेच छान दिसते. मोठ्या टीव्हीवर लावून घरातल्या वडीलधाऱ्यांना समोर बसवावे. त्यांनी माणसे ओळखली तर दर्जा पुरेसा. आम्ही अमरावतीत एका विहारात हा प्रयोग करून पाहिला. सेकंदाला अर्धा मेगाबिटच्या तुकड्यात आजीबाईंना कुणीच ओळखता आले नाही, दीड मेगाबिटला अर्धेअधिक ओळखले, तीनला मात्र एकीने पडद्याजवळ जाऊन बोट ठेवले, "हे पा, हा आमचा किसन, हातात झेंडा हाय तो." त्यापुढे आकडा वाढवून फरक पडला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपविषयी प्रत्येक घरात गैरसमज आहे. व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप ते आपल्या सोयीने पुन्हा दाबते. ती पुढे गेली, तेथून कुणी पुन्हा संपादित करून टाकली, की प्रत्येक वेळी थोडे थोडे जाते. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स केली की शिक्का वाचता येत नाही, तसेच. पूर्ण दर्जाची फाइल पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. दोन जीबीपर्यंत जाते आणि जशीच्या तशी पोचते. यूट्यूबही चढवलेला व्हिडिओ आपल्या पद्धतीने पुन्हा दाबते. लोकांनी पाहावा म्हणून तेथे जरूर टाकावा, परंतु ठेवणीची प्रत तिला समजू नये.

वस्तीचे काम वस्तीने करावे

एका कुटुंबाला हार्ड डिस्कचा खर्च जड वाटेल. विहाराने किंवा महिला मंडळाने मिळून केला तर वाटणार नाही. वर सांगितलेल्या विहारात अकरा कॅसेटी निघाल्या. प्रत्येकी तीन तास धरले तर तेहतीस तास. एफएफव्ही-१ मध्ये ठेवणीच्या प्रती एक हजार ते साडेअकराशे जीबी, एच.२६४ मध्ये वापराच्या प्रती साठ जीबीच्या आत. म्हणजे दोन टीबीच्या एका डिस्कवर सगळे बसून जागा उरते. तशा दोन डिस्का घ्याव्यात आणि दोन गावांत ठेवाव्यात. अमरावतीची एक अकोल्याला लेकीकडे, अकोल्याची एक अमरावतीला भावाकडे. या दोन गावांमधल्या महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम केला गेला. त्या रस्त्याने एक डिस्क पोचवायला काय लागते? वर्षातून एकदा, अशोक विजयादशमीच्या सुमारास म्हणा, दोन्ही लावून पाहाव्यात. डिस्कही बंद कपाटात पडून पडून बिघडते.

बाबासाहेबांची अंत्ययात्रा ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघाली. तिचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी आपला छापखाना गहाण टाकून, स्वतःच्या हिमतीवर केले. ते केले नसते तर तो जनसागर आज आपण केवळ वर्णनात वाचला असता. त्या मानाने आपल्याकडून मागितले जाते ते एक पेनड्राइव्हऐवजी एक डिस्क आणि दुकानात चार वाक्ये बोलण्याची तयारी.

बुरशी धरलेली कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. तिची फीत तुटते आणि हेडला लागलेली घाण पुढच्या कॅसेटला लागते. अशा कॅसेटी वेगळ्या काढून साफ करून देणाऱ्याकडेच न्याव्यात. आणि उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट टाकू नये, कोरड्या जागी उभी ठेवावी.

फाइलला नाव देताना 'व्हिडिओ १' असे न देता साल, गाव आणि प्रसंग लिहावा. सोबत एका वहीत कितव्या मिनिटाला कोण दिसते ते लिहून ठेवावे: मंडपाच्या डाव्या बाजूला उभी असलेली ती कोण, झेंडा धरलेला तो कुणाचा मुलगा, गाणे म्हणणारी पार्टी कोणत्या गावची. हे काम कोणतेही सॉफ्टवेअर करीत नाही. ते सांगू शकणाऱ्या बाया सत्तरी-ऐंशीच्या आहेत, म्हणून वही आधी भरावी आणि फॉरमॅटचे नंतर पाहावे.